आधी वाट कोणाची?

रस्त्यांवरील अपघातांच्या बातम्या वाचण्याचा आपल्या मनाला आता इतका सराव झाला आहे, की मृतांचा आकडा वाचून पान उलटताना हातही थबकत नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे प्राणास मुकली, ही केंद्र सरकारनेच प्रसिद्ध केलेली संख्या आहे. आपल्या चिमुकल्या गोव्यातही दरसाल दोनशेहून अधिक माणसे रस्त्यांवर बळी पडतात. प्रत्येक मोठ्या अपघातानंतर तीच चर्चा होते, तीच कारणे सांगितली जातात : मद्यपान, बेदरकार तरुण, उतावीळ पर्यटक, रस्त्यांतील खड्डे. ही कारणे खोटी आहेत असे कोण म्हणेल? परंतु चालक शुद्धीवर आहे, वेग बेताचा आहे, रस्ताही गुळगुळीत आहे, आणि तरीही तो गोंधळतो, अडखळतो, दुसऱ्याच्या अंगावर जातो अशी एक जागा आहे. तिचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. जेथे रस्ते एकमेकांना मिळतात ती ही जागा, आणि त्यातही विशेषेकरून ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ‘सर्कल’ म्हणतो तो वर्तुळाकृती चौक.

पणजीचे दिवजा सर्कल असो की मडगावचे कोलवा सर्कल; कचेऱ्या सुटण्याच्या वेळी, किंवा चतुर्थीच्या बाजाराच्या दिवसांत, कोणत्याही गजबजलेल्या वर्तुळाशी दहा मिनिटे उभे राहून पाहावे. बाहेरून येणारा चालक थांबत नाही, कारण थांबलो तर आत शिरताच येणार नाही अशी त्याला धास्ती असते. तो शिरतो म्हणून वर्तुळात आधीपासून फिरत असलेल्यास थांबावे लागते. तो थांबतो तो नेमका मागच्या रस्त्याच्या तोंडाशी. त्यामुळे त्या रस्त्याने बाहेर पडू पाहणारे अडतात. मग कर्णे वाजू लागतात, दुचाकीस्वार उरलेल्या फटी भरून काढतात आणि अखेरीस शिट्टी फुंकीत पोलीस शिपाई मध्ये येऊन उभा राहतो. पाहणारा मान हलवून म्हणतो, “आपल्या लोकांना शिस्तच नाही!”

हे निदान सोपे आहे. म्हणूनच ते आम्हाला मान्य नाही. हेच लोक जत्रेच्या दिवशी देवळात जातात. हजारोंची गर्दी असते, मार्ग अरुंद असतो, तरी प्रदक्षिणा घालताना कोणी उलट्या दिशेने निघाला असे सहसा घडत नाही. देव उजव्या हाताला ठेवून चालायचे, हे तेथे पाटीवर लिहून ठेवावे लागत नाही. लहानपणी आईचे बोट धरून जे शिकले ते जन्मभर पुरते. योगायोगाची गोष्ट अशी, की डाव्या बाजूने वाहने चालविणाऱ्या देशात वर्तुळचौकाचा फेराही त्याच दिशेने घ्यावयाचा असतो : मधले बेट उजव्या हाताला ठेवून. फेऱ्याची दिशा आमचे चालक चुकत नाहीत. ते चुकतात ते दुसऱ्याच प्रश्नाशी, आणि तो प्रश्न म्हणजे आधी वाट कोणाची? जेथे नियम एकच असतो, सर्वांना ठाऊक असतो आणि रोज तसाच पाळला जातो, तेथे शिस्त आपोआप येते. वर्तुळचौकाच्या बाबतीत यांपैकी एकही अट आपण पुरी केलेली नाही.

प्रथम हा चौक मुळात कशासाठी, ते पाहू. दोन रस्ते साध्या फुलीसारखे एकमेकांस छेदतात तेव्हा निरनिराळ्या दिशांना जाणाऱ्या वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांवर येतात, असे वाहतूकशास्त्राचे गणित आहे. त्याच जागी वर्तुळ केले की ही धोक्याची ठिकाणे ८ वर येतात. समोरासमोरची आणि काटकोनातली टक्कर, म्हणजे जिच्यात माणसे जिवानिशी जातात ती टक्कर, जवळजवळ नाहीशीच होते. उरते ती अंगाला अंग घासण्याची शक्यता. शिवाय नीट बांधलेल्या वर्तुळात प्रत्येकाला वळावेच लागते, म्हणून वेग ताशी ३०-४० किलोमीटरच्या आत येतो. वेग निम्मा झाला की आघाताची ऊर्जा एक-चतुर्थांश होते, हे शाळेतील पदार्थविज्ञान येथे माणसाचा प्राण वाचविते. अमेरिकेत साध्या चौकांचे रूपांतर वर्तुळचौकांत केल्यावर काय झाले याचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात माणसे जखमी होण्याचे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी कमी झाल्याचे आढळले. तेव्हा वर्तुळचौक ही शोभेची वस्तू नव्हे. योग्य जागी आणि योग्य रीतीने बांधला तर तो जीव वाचविणारा उपाय आहे.

मग हा उपाय पुष्कळदा उपद्रव का ठरतो? याचे उत्तर त्याच्या इतिहासात आहे. न्यूयॉर्कमधील कोलंबस सर्कल येथे विल्यम फेल्प्स ईनो यांनी १९०५ साली सर्व वाहनांनी एकाच दिशेने फिरावे अशी व्यवस्था सुरू केली. पॅरिसमध्ये युजीन एनार या स्थापत्यशास्त्रज्ञाच्या सूचनेवरून १९०७ साली तसेच घडले. इंग्लंडमध्ये लेचवर्थ या उद्याननगरीतही त्याच सुमारास वर्तुळचौक आला. दिशा ठरली, पण अग्रक्रम ठरला नाही. आत येणारा आधी की आत असलेला आधी, हे ज्याच्या त्याच्या धिटाईवर सोडले गेले. मोटारी थोड्या होत्या तोवर निभावले. त्या वाढल्या तेव्हा इंग्लंडमधील वर्तुळे आपल्याकडच्यासारखीच कोंडू लागली. येणाऱ्याने आत असलेल्यास अडवायचे, अडलेल्याने बाहेर पडणाऱ्यास अडवायचे, आणि अशी ही साखळी फिरून पहिल्या कडीशी येऊन मिळायची. एकदा ती मिळाली की कोणीच हलू शकत नसे.

त्या वेळच्या अभियंत्यांनी यावर उपाय शोधला तो वर्तुळे मोठी करण्याचा. दोन रस्त्यांच्या तोंडांमधले अंतर लांब ठेवले, की आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रवाह चालता चालताच एकमेकांत मिसळतील व सुटतील, वेणीचे पेड गुंफावेत तसे, ही त्यामागची कल्पना. त्यासाठी जमीन फार लागे आणि मोठ्या वर्तुळात वेगही वाढे. कोंडी मात्र सुटेना. ब्रिटनच्या रस्ता संशोधनसंस्थेतील फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने वर्तुळचौकांवर प्रयोग केले आणि अग्रक्रमाच्या नियमाचा पाठपुरावा केला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ब्रिटनने तो नियम केला : वर्तुळात शिरणाऱ्याने उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच आत फिरत असलेल्यास, आधी वाट द्यावी. नियम एका ओळीचा, पण परिणाम विलक्षण. आतले वाहन आता कोणासाठीच अडत नसल्याने वर्तुळ सतत रिकामे होत राहिले आणि रांग लागली तर ती बाहेर, जेथे लागायला हवी तेथे, लागू लागली. मोठ्या वर्तुळांची गरजही उरली नाही. १९७२ साली स्विंडन या गावी एका वर्तुळाभोवती पाच छोटी वर्तुळे मांडलेला चौक तयार झाला. पाहणाऱ्याचे डोके गरगरेल असा तो आहे, तरी तो चालतो. कारण पाचही ठिकाणी नियम तोच, आणि तो पांढऱ्या रंगाने रस्त्यावर लिहिलेला.

फ्रान्सची कथा याच्या उलट बाजूने तेच सांगते. तेथे वाहने उजव्या बाजूने चालतात, आणि चौकात उजवीकडून येणाऱ्याचा अग्रक्रम हा जुना दंडक. वर्तुळात उजवीकडून येणारा म्हणजे बाहेरून शिरणारा. परिणामी प्रत्येक आगंतुक आतल्यांना थांबवू शके. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात फ्रान्सने वर्तुळांपुरता हा दंडक उलटविला, आणि त्यानंतर त्या देशात वर्तुळचौकांची संख्या इतकी वाढली की आज जगात सर्वांत अधिक तेथेच आहेत. पॅरिसच्या प्रसिद्ध विजयकमानीभोवतीच्या चौकात मात्र अजूनही जुनाच दंडक चालू आहे, आणि तेथील गोंधळ पाहायला प्रवासी मुद्दाम जातात.

ज्यांच्या अमलाखाली गोमंतक साडेचारशे वर्षे होता त्या पोर्तुगालचाही दाखला येथे देण्यासारखा आहे. १९२८ साली पोर्तुगालने आपली वाहने डावीकडून उजवीकडे नेली. गोव्याने मात्र शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानाशी जुळवून घेत डावी बाजूच राखली. त्या पोर्तुगालला वर्तुळात कोणत्या मार्गिकेतून कोणी जावे याविषयीचा घोळ मिटविण्यासाठी आपली वाहतूक संहिता बदलावी लागली आणि १ जानेवारी २०१४ पासून नवा नियम अमलात आणावा लागला. म्हणजे गोंधळ हा काही गोमंतकीयांच्या किंवा भारतीयांच्या रक्तातला दोष नाही. नियम अस्पष्ट असला की युरोपातला मनुष्यही गोंधळतो, आणि तो स्पष्ट केला की सुधारतो.

आपल्याकडे नियम नाही असे मात्र नाही. १९८९ च्या रस्तेविषयक विनियमांनी स्पष्टच सांगितले होते, की मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरील वाहनांना वाट द्यावी, आणि तसा मुख्य रस्ता ठरविलेला नसेल तेथे उजवीकडून येणाऱ्या सर्वांना वाट द्यावी. डाव्या बाजूने चालणाऱ्या आपल्या देशात वर्तुळातील वाहन शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते. तेव्हा फ्रान्सप्रमाणे आपल्याला काही उलटविण्याची गरजही नव्हती. २०१७ साली केंद्र सरकारने आणलेल्या नव्या विनियमांत तर वर्तुळात असलेल्या वाहनाचा अग्रक्रम वेगळा सांगितला आहे. कायदा आहे, पण तो पुस्तकात आहे. तो माहीत असलेला चालक शंभरांत किती सापडतील, याचा वाचकांनीच आपल्या ओळखीच्यांना विचारून अंदाज घ्यावा. “मोठी गाडी आधी”, “सरळ जाणारा आधी”, “ज्याने आधी नाक घातले तो आधी” अशी उत्तरे मिळाली तर आम्हाला नवल वाटणार नाही.

याचे एक कारण आपल्या वर्तुळांच्या घडणीतच आहे. भारतीय रस्ते परिषदेने वर्तुळचौकांसाठी १९७६ साली जी मानके घालून दिली ती पेड गुंफण्याच्या त्या जुन्या ब्रिटिश कल्पनेवर आधारलेली होती. त्या कल्पनेत शिरणाऱ्याने थांबण्याला महत्त्वाचे स्थानच नव्हते. मोठे वर्तुळ, रुंद तोंडे, अलगद वळणे आणि वेग फारसा कमी न करता मिसळणे, हा तिचा गाभा. पुढे २०१७ साली परिषदेने नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली आणि थांबून मोकळी जागा पाहून शिरण्याच्या तत्त्वाला स्थान दिले. कागद बदलला, पण डांबर बदलले नाही. जुन्या घडणीचा रस्ता चालकाला म्हणतो, “ये, सरळ शीर”, नवा नियम म्हणतो, “थांब, पाहा.” रस्ता डोळ्यांसमोर असतो आणि नियम राजपत्रात. चालक कोणाचे ऐकणार?

त्यातून आपल्याकडे वर्तुळ म्हणजे पुतळ्याची, कारंज्याची किंवा जाहिरातीच्या फलकाची जागा, अशी समजूत होऊन बसली आहे. उद्घाटनाच्या दिवशी बेटावर फुलझाडे असतात, दिव्यांची रोषणाई असते. नसते ती रस्त्याच्या तोंडाशी आखलेली पांढरी तुटक रेषा आणि ‘वाट द्या’ सांगणारा उलट्या त्रिकोणाचा फलक. असलाच तर तो पावसाळ्यात वाढलेल्या फांदीआड गेलेला असतो. म्हणजे ज्या एका नियमावर हा चौक चालायचा, त्याचीच खूण तेथे दिसत नाही.

आता चालकाच्या बाजूने पाहू. दिव्यांचा खांब त्याला हुकूम देतो : तांबड्यावर थांब, हिरव्यावर नीघ. त्याला स्वतः काही ठरवावे लागत नाही. वर्तुळ त्याला प्रश्न विचारते. उजवीकडून येणारे वाहन किती दूर आहे, किती वेगाने येत आहे, ते वळून बाहेर पडणार आहे की माझ्यासमोरून जाणार आहे, आणि या दोघांमधल्या फटीत माझी गाडी मावेल काय? चार-पाच सेकंदांची फट पुरेशी असते. तेवढ्याच वेळात पुढची गाडी खरोखर निघाली की नुसती हलून थांबली, हेही पाहायचे असते. उजवीकडे पाहता पाहता पुढच्यावर आदळण्याचे प्रकार याचमुळे घडतात. हा निर्णय सरावाने सोपा होतो. परंतु ज्याला कोणी तो कसा घ्यावा हे शिकविलेच नाही, तो एक तर फार वेळ थांबून मागच्यांचा रोष ओढवून घेतो किंवा डोळे मिटल्यासारखा आत घुसतो.

यात दुचाकीस्वारांचा धोका सर्वांत अधिक. मोठे वाहन लवकर येऊन पोचेल आणि लहान वाहन उशिरा पोचेल असे वाटणे, हा माणसाच्या दृष्टीचा स्वाभाविक भ्रम आहे. दोघांचा वेग सारखा असला तरी तो होतो. म्हणून जो चालक ट्रक पाहून थांबतो तोच स्कूटर पाहून शिरतो. आपल्या राज्यात नोंदलेल्या वाहनांची संख्या १५ लाखांच्या पुढे गेली आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्याच १४ लाख ५८ हजार होती. या वाहनांत दुचाकींचाच भरणा मोठा. कामाला जाणाऱ्या बायका, महाविद्यालयीन मुले, प्रवासी नेणारे मोटारसायकल पायलट, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर घेऊन निघालेले पाहुणे, हे सारे या भ्रमाचे संभाव्य बळी आहेत. पाहुण्यांपैकी जे उजव्या बाजूने वाहन चालविणाऱ्या देशांतून येतात त्यांना तर सबंध वर्तुळच मनातल्या मनात उलटे करून घ्यावे लागते.

खुणांच्या भाषेतही एकवाक्यता नाही. समोरच्याने दिव्याची उघडझाप केली तर इंग्लंडात त्याचा अर्थ बहुधा “तुम्ही या” असा होतो, आपल्याकडे त्याचा अर्थ “मी येतो आहे, बाजूला व्हा.” उजवा दिवा लुकलुकला तर तो गाडी उजवीकडे वळणार म्हणून, की मागच्यास पुढे जाण्याची मुभा म्हणून, हे ठरवायला आपल्याकडे अंतर्ज्ञानच हवे. वर्तुळातून बाहेर पडताना डावा दिवा दाखवावा, म्हणजे पुढच्या तोंडाशी थांबलेल्याला आत शिरण्याची संधी कळते, ही साधी गोष्ट किती जण पाळतात? आणि कोणी दाखविला तरी त्यावर विश्वास ठेवण्याचे धाडस किती जणांना होते?

याहून खोल असे एक कारण आहे, आणि ते व्यवहाराचे आहे. समजा एखादा चालक नियमाप्रमाणे थांबला. त्याच्या डावी-उजवीकडून चार दुचाक्या पुढे सरकतात, मागचा कर्णा वाजवितो, आणि त्याने ज्या फटीची वाट पाहिली ती दुसराच पटकावतो. नियम पाळणाऱ्यास शिक्षा आणि मोडणाऱ्यास बक्षीस मिळत असेल, तर दुसऱ्या दिवशी तोही शिरू लागतो. यात त्याचा स्वभाव वाईट आहे असे नव्हे. त्याचा हिशेब बरोबर आहे. एकट्याने पाळलेला नियम येथे निरुपयोगी ठरतो, तो सर्वांनी एकदम पाळला तरच फळतो. आणि सर्वांना एकदम पाळायला लावणे हे एकट्यादुकट्या नागरिकाच्या हातचे काम नाही. शासनसंस्था असते ती याचसाठी.

पण शासनाचे हात येथे एकमेकांस ओळखत नाहीत. डांबर सार्वजनिक बांधकाम खात्याचे, बेटावरील बाग नगरपालिकेची किंवा तिच्या देणगीदाराची, शिट्टी वाहतूक पोलिसांची आणि चालकाचा परवाना वाहतूक खात्याचा. चौक कोणाचा, याला उत्तर नाही. पोलीस शिपाई आपल्या परीने कष्ट करतो, उन्हापावसात उभा राहतो. पण तो करतो काय? तर आत फिरणाऱ्यांना हात दाखवून थांबवितो आणि बाहेरच्यांना आत सोडतो. नियमाच्या नेमके उलट. अतिगर्दीच्या वेळी हे अपरिहार्यही असेल. तथापि रोज हेच पाहणारा चालक त्यातून कोणता धडा घेणार? परवान्याच्या परीक्षेत दुचाकीस्वाराकडून आठाचा आकडा काढवून घेतात. त्यात तोल कळतो. दुसऱ्याला वाट केव्हा द्यावी याची समज त्यात कळत नाही.

वर्तुळाविषयी जे म्हटले ते इतर संगमांनाही लागू आहे. गावातून येणारी वाट महामार्गाला मिळते तो तिठा घ्या. उतारा टाकायचा तो तिठ्यावर, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे; वाटा जेथे मिळतात ती जागा जपून ओलांडायची, ही जाणीव आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या होती. आज त्या तिठ्यावरून ताशी ऐंशी किलोमीटरने गाड्या जातात आणि गावची वाट उतरणीवरून, कुंपणाच्या किंवा गाड्यांच्या आडून, एकदम त्यांच्यासमोर येते. मुख्य रस्ता कोणता, थांबायचे कोठे, हे सांगणारी रेषा नाही. दुभाजकात हवी तेथे फट ठेवलेली असते, आणि तिच्यातून उलट वळू पाहणारी मोटार मागच्या वेगवान मार्गिकेत शेपूट बाहेर ठेवून उभी असते. नव्या पुलांवरून उतरणारे रस्ते जुन्या रस्त्यांना मिळतात तेथे एकमेकांत मिसळायला जे अंतर हवे ते पुष्कळदा मिळत नाही. प्रत्येक ठिकाणी प्रश्न तोच : आधी वाट कोणाची? आणि रस्ता प्रत्येक ठिकाणी मूक.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. वर्तुळांचा काळ संपला, ती उखडून दिवे बसवा किंवा वरून उड्डाणपूल न्या, असे म्हणणारे जाणकारही आहेत, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक नाही. १९७६ च्या मानकांनीच सांगून ठेवले होते, की सर्व रस्त्यांनी मिळून ताशी सुमारे ३००० वाहने येईपर्यंतच असा चौक कार्यक्षम राहतो. त्यापलीकडे फटी उरत नाहीत, आणि ज्या रस्त्याचा ओघ कमी त्यावरचे चालक ताटकळत राहतात. दिल्लीत मोटारी तुरळक असताना आखलेल्या वर्तुळांपैकी अनेकांवर पुढे दिवे बसवावे लागले ते याचमुळे. पर्वरीला उड्डाणमार्गाचे काम हाती घ्यावे लागले तेही वाहतुकीच्या रेट्यामुळेच. जेथे ओघ खरोखर क्षमतेबाहेर आहे तेथे वर्तुळाचा हट्ट धरण्यात शहाणपण नाही.

परंतु ओघ मोजल्याशिवाय हे ठरवायचे कसे? आमचा आग्रह एवढाच, की कोणतेही वर्तुळ मोडण्यापूर्वी त्यावरची वाहनसंख्या मोजावी, ती लोकांपुढे ठेवावी, आणि ते वर्तुळ एकदा तरी त्याच्या स्वतःच्या नियमाने चालवून पाहावे. ज्या यंत्राला आपण कधी तेलच घातले नाही ते मोडके म्हणून भंगारात काढणे हा उधळेपणा होय. उड्डाणपुलाला कोट्यवधी रुपये आणि काही वर्षे लागतात; पांढऱ्या रंगाला एक रात्र लागते. शिवाय उड्डाणपूल जेथे उतरतो तेथे नवा संगम होतोच, आणि तोच प्रश्न अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा उभा राहतो.

पादचाऱ्याचे दुःख तर या चर्चेत कोणी बोलूनही दाखवीत नाही. वर्तुळात वाहने सतत फिरत असल्याने त्याला थांबलेला असा क्षणच मिळत नाही. बाहेर पडणारा चालक वेग वाढविण्याच्या बेतात असतो, त्याची नजर उजवीकडे किंवा समोर असते, आणि शाळेतून येणारे मूल डावीकडून पाऊल टाकते. म्हणून ओलांडण्याचे पट्टे वर्तुळाच्या अगदी ओठावर न काढता एक-दोन मोटारींच्या लांबीइतके मागे असावेत, आणि दोन दिशांच्या मध्ये उभे राहण्यापुरते छोटे बेट असावे, असे जगभरचे अभियंते सांगतात. आपल्याकडे त्या जागी बहुधा बस थांबलेली असते.

करावयाचे काय, ते यातून आपोआप निघते. प्रत्येक वर्तुळाच्या प्रत्येक तोंडाशी वाट देण्याची रेषा व फलक असलाच पाहिजे, आणि दर पावसाळ्यानंतर ती रेषा पुन्हा काढली गेली पाहिजे. रुंद तोंडे अरुंद करून वाहनाला वळावेच लागेल अशी मांडणी करावी. प्रारंभी ती पिंपे ठेवूनही करता येते, साधली तर मग दगडाची करावी. बसथांबे, भाड्याच्या वाहनांचे तळ आणि गाडे तोंडापासून दूर हलवावेत. पोलिसांनी प्रथम काही आठवडे आतल्यांना न थांबविता शिरणाऱ्यांना रेषेवर थांबविण्याचे काम करावे, म्हणजे थांबणाऱ्यास आपण एकटेच मूर्ख ठरलो असे वाटणार नाही. परवान्याच्या परीक्षेत खऱ्या चौकातून एक फेरी असावी. भाड्याची स्कूटर देताना पाहुण्याच्या हाती चावीबरोबर एक सचित्र कागदही द्यावा. आणि चौकाचे पालकत्व एका खात्याकडे, नाव व दूरध्वनी फलकावर लिहून, सोपवावे. यांपैकी कोणत्याही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, की दिल्लीची परवानगी लागत नाही.

नागरिकांचीही जबाबदारी आहेच, ती आम्ही नाकारीत नाही. आपण घरात मोठ्यांना आधी पान वाढतो, दारी आलेल्या पाहुण्यास आधी पाट देतो. दुसऱ्याला आधी वाट देण्यात कमीपणा नाही, हा संस्कार आपल्याकडे मुळात आहे. पण ब्रिटननेही आपला गोंधळ सौजन्याच्या प्रवचनांनी मिटविला नाही. तेथे एक ओळीचा नियम झाला, तो रस्त्यावर लिहिला गेला आणि मग सौजन्य त्यामागून आले. गोव्यासारख्या छोट्या राज्यात, जेथे मोठी वर्तुळे बोटांवर मोजण्याइतकी आहेत, हा प्रयोग एका मोसमात करून पाहता येईल. बांधकाम, वाहतूक व पोलीस या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून येत्या पावसाळ्यानंतर निदान दोन चौकांपासून आरंभ करावा, आणि त्या चौकांवरचे अपघात आधी किती होते व नंतर किती झाले ते वर्षअखेरीस जनतेला सांगावे. रस्त्यावर बळी पडणाऱ्या दोनशेहून अधिक माणसांतली काही जरी यामुळे संध्याकाळी घरी परतली, तरी पांढऱ्या रंगाचा तो खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.